हॉल ऑफ फेमसाठी एकच मत उरलंय भो, कोफॅक्स का सटन?

आपल्या बेसबॉल सिम्युलेशन लीगमध्ये नवीन आलेल्यांना एकच प्रश्न पडून राहिलाय, की बाकी नावं टाकून झाली, आता शेवटचं मत सँडी कोफॅक्सला द्यायचं का डॉन सटनला. जळगाव-भुसावळ-अमळनेरची आपली पोरं क्रिकेटवाली, त्यामुळे पिचरचे (बॉल टाकणाऱ्याचे) आकडे पाहिले की आधी डोकं गरगरतं. आऊट ऑफ द पार्क या कॉम्प्युटर गेममध्ये आपण जुने खरे खेळाडू इम्पोर्ट केलेत आणि पहिला हॉल (थोर खेळाडूंच्या सन्मानाची यादी) खऱ्या करिअरवरून भरायचाय, सिम्युलेशनचे आकडे नंतर, हे आधी डोक्यात ठेवा.

दोघं एकाच टीमचे, डॉजर्सचे, आणि गंमत म्हणजे 1966 हा कोफॅक्सचा शेवटचा सीझन न् सटनचा पहिला.

कोफॅक्सचं करिअर मधोमध कापल्यासारखं आहे. पहिले सहा सीझन 36 विजय, 40 पराभव, म्हणजे कोणी ढुंकून बघणार नाही असा पिचर, आणि पुढचे सहा सीझन 129 विजय, 47 पराभव, 1962 ते 66 सलग पाच वर्षं नॅशनल लीगमध्ये सगळ्यात कमी ईआरए (नऊ इनिंगमागे किती रन दिले ते, जितका कमी तितकं भारी), 1965 ला 382 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट) आणि एक परफेक्ट गेम, म्हणजे समोरचे 27 च्या 27 बॅटर आउट, एकही बेसवर पोचला नाही. तीन साय यंग (वर्षातल्या सगळ्यात भारी पिचरचा अवॉर्ड), तेही नॅशनल न् अमेरिकन या दोन्ही लीग मिळून एकच अवॉर्ड असायचा तेव्हा. मग डाव्या कोपराचा संधिवात, आणि 27 मॅच जिंकलेल्या वर्षानंतर तिशीतच रिटायर. केळीच्या खोडासारखं, एक घड दिला न् संपलं, पण घड काय होता!

सटनची यादी वाचताना झोप येते, खरं सांगतो. 23 सीझन, 324 विजय, 3574 स्ट्राइकआउट, ईआरए 3.26 (कोफॅक्सचा 2.76), साय यंग एकही नाही, 20 च्या वर विजय फक्त 1976 मध्ये. पण 756 वेळा मॅचची सुरुवात त्याने केली. हा आकडा आपल्या लीगमध्ये कोणाचा होऊन दाखवा, सिम्युलेशनमध्ये इंजुरीची सेटिंग जरा वर ठेवली तर तिशीच्या आत निम्म्या पिचरांचे खांदे जातात आणि आपण बसतो शिव्या देत.

आता कोफॅक्सच्या विरोधात एक गोष्ट जी त्याचे भक्त सांगत नाहीत. 1963 पासून स्ट्राइक झोन (ज्या जागेतून गेलेला बॉल स्ट्राइक धरतात ती) मोठा केला होता, माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) पण उंच होता (तो 1969 ला 15 इंचावरून 10 इंचावर आणला), त्यात डॉजर स्टेडियम पिचरला साथ देणारं, म्हणजे त्याचे ते आकडे थोडेफार काळाने पण फुगवलेत. थोडेफारच हं, कारण त्याच माउंडवरून बाकीचेही टाकत होते आणि पाच वर्षं पहिला हाच आला.

सटनवर आरोप काय, तर नुसता टिकला न् आकडे जमवले. आपल्या लीगमध्ये हा आरोप खरा ठरू शकतो, कारण इथे एखादा मालक आपल्या लाडक्या म्हाताऱ्या पिचरला 300 विजय व्हावेत म्हणून रोटेशनमध्ये (आळीपाळीने मॅच सुरू करणाऱ्या पिचरांत) दामटून ठेवतो, टीम खड्ड्यात गेली तरी. म्हणून सिम्युलेशनच्या खेळाडूला मत देताना मी एकूण बेरीज बघत नाही, शेवटच्या चार-पाच वर्षांत दुसऱ्या कोणी मालकाने त्याला मागून घेतलं का ते ट्रेडच्या लॉगमध्ये बघतो. सटन या परीक्षेत पास आहे, ह्यूस्टन, मिल्वॉकी, ओकलंड, कॅलिफोर्निया अशा टीमांनी त्याला घेतलंच ना. फुकटचा पगार कोणी देत नाही.

माझ्या हिशोबाने खेळाडू म्हणून कोफॅक्स वर, यात वाद नको. हॉल म्हणजे समोर उभं राहायला भीती वाटेल असे लोक, आणि तशी भीती सटनची कोणाला वाटली नसेल. पण मत कोणाला द्यायचं हा वेगळा प्रश्न आहे भो. खऱ्या हॉलमध्ये कोफॅक्स 1972 ला पहिल्याच झटक्यात 86.9 टक्के घेऊन गेला, वय 36, आणि सटनला पाचव्या खेपेला, 1998 मध्ये, 81.6 टक्के मिळाले. आपणही आत जायला 75 टक्के मतांचाच नियम ठेवलाय आणि 5 टक्क्यांखाली गेला की नाव कायमचं कटतं. म्हणून आधी ग्रुपचा अंदाज घ्या, कोफॅक्सला बहुतेक सगळे देणारच असतील तर तुमचं मत तिथे वाया जातं, ते सटनला द्या म्हणजे त्याचं नाव पुढच्या वर्षी यादीत राहील. आणि कोफॅक्सच काठावर दिसत असेल तर मग विचार करू नका, सरळ त्यालाच टाका.