गंगापूर रोडचं रविवारचं अभिनय वर्कशॉप: माझा अनुभव

४ रविवार, सकाळी १० ते १, फी ३,०००. परवाच संपलं आणि ज्यांना नट नेमकं काय करतो हे कळून घ्यायचंय त्यांनी नक्की जावं असं मी सांगेन.

पहिल्या दिवशी सर म्हणाले काहीतरी करून दाखवा, तर १४ पैकी पाच जणांनी नटसम्राटचंच स्वगत काढलं. साहजिक आहे, ते लिहिणारे तात्यासाहेब शिरवाडकर आपल्या नाशिकचे, आणि १९७० साली डॉ. लागूंनी आप्पा बेलवलकर उभा केला तेव्हापासून पार कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत सगळ्यांना तेच करावंसं वाटतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आवाज छान आहे, पण बोलताय कोणाशी?

याचं उत्तर मला तिसऱ्या रविवारी मिळालं. प्रसंग असा की फोनवर मुलगा सांगतोय, व्यापाऱ्याने सौदा मोडला, द्राक्षं वेलीवरच आहेत, आणि समोर बायको जेवतेय, तिला कळू द्यायचं नाही. आधी एका मुलीने केलं, राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलेली मुलगी, डोळ्यांत खरं पाणी आणलं तिने, पण आम्ही सगळे ते पाणीच बघत बसलो. मग निफाडकडचे एक काका उठले, घरची बाग, स्टेजवर कधी चढलेले नाहीत. त्यांनी ऐकलं, खरंच ऐकलं, कारण "बरं" यायला जरा वेळ लागला, मग फोन दुसऱ्या कानाला लावला आणि मोकळ्या हाताने समोरची कागदी डिश बायकोकडे सरकवून म्हणाले, "तू जेव गं". बस एवढंच. पण माझा जीव त्या बायकोसाठी तुटायला लागला, हिला कळलं तर काय होईल!

सरांनी त्या मुलीला परत उभं केलं, म्हणाले रडू बिडू नको, फक्त समोरचीला पोटभर जेवू घाल. तिने तेच केलं आणि या वेळी ती आवाज सांभाळताना बघून अंगावर काटा आला.

तक्रार एकच, आवाजाच्या तयारीला जेमतेम अर्धा तास दिला. खोलीत हळू बोललेलं चालतं हो, पण कालिदास नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसलेल्याला ते "बरं" ऐकू कसं जाणार, ते शिकवायलाच पाहिजे, त्यासाठी पाचवा रविवार ठेवा, आम्ही जास्तीचे पैसे भरू. पार्किंग नाही, गाडी गल्लीत लावावी लागते. पुढच्या बॅचला मी परत नाव देतोय.