भाजीची पिशवी: जुनी जीन्स की मांजरपाट?

घरात साधं शिलाई मशीन, कपाटात न होणारी जीन्स; तरी पिशवीसाठी मांजरपाट (जाडंभरडं सुती कापड) विकत आणावं का, असं भाचीने विचारलं.

पैशाचं म्हणाल तर जीन्स फुकट, मांजरपाटही स्वस्तच. खरा प्रश्न मशीनचा. तळाच्या कोपऱ्यात आणि पट्ट्यांपाशी डेनिमचे चार-सहा थर जमतात. तिथे १६ नंबरची सुई हवी आणि चाक हाताने हळू फिरवायचं, नाहीतर सुई मोडते. मांजरपाट १४ नंबरच्या सुईने सहज शिवलं जातं. मात्र कोरं असेल तर बेतण्याआधी धुवून घ्या. सुती कापड आटतं. जीन्स आटायची तेवढी आटून झालेली असते.

टिकायला डेनिम सरस, फक्त गुडघ्यावरचा विरलेला भाग टाळा. मांजरपाट आधी पट्ट्यांशी उसवतं. पट्टा दुहेरी घ्या, जोडावर चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई मारा. पावसाळ्यात मात्र डेनिमची पिशवी वाळता वाळत नाही. मांजरपाटावर मातीचे डाग दिसतात. दिसू देत, भाजीचीच पिशवी ती!

नारळ, कांदे-बटाटे आणायचे तर जीन्स. पर्समध्ये घडी करून ठेवायची असेल किंवा शिवणात हात नवा असेल, तर मांजरपाट. भाचीला मी मांजरपाटच सांगितलं.