आय-३५०: सेकंडहँड नेटवर्क कार्ड, चार पोर्ट आणि एक तपकिरी तार

मिरजेत दाजींची पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथल्या कॉम्प्युटरची उस्तवारी माझ्याकडे. एका जुन्या टॉवरवर प्रॉक्समॉक्स (एका मशीनमध्ये अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्यात तीन व्हीएम, म्हणजे आभासी कॉम्प्युटर: रिपोर्टचं सॉफ्टवेअर, फाइल सर्व्हर, फायरवॉल. २०२४ च्या फेब्रुवारीत ईएसएक्सआयची (असंच व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) फुकट आवृत्ती बंद झाली तेव्हा इकडे आलो. (वर्षभराने ती परत आली, पण एकदा बिऱ्हाड हलवलं की हलवलं.) बोर्डावर नेटवर्कचा पोर्ट एकच, म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून इंटेलचं आय-३५०-टी४ मागवलं. चार गिगाबिट पोर्ट, कुरिअरसकट चोवीसशे रुपये. वर ‘टेस्टेड ओके’चा स्टिकर. कुणी, कशावर टेस्ट केलं ते देव जाणे.

कार्ड बसवलं, मशीन चालू केलं, आणि होस्टच, म्हणजे प्रॉक्समॉक्सचं मूळ मशीनच, नेटवर्कवरून गायब. ब्राउझरमध्ये काही उघडेना. अडगळीतला मॉनिटर काढून जोडला तेव्हा कळलं: नव्या कार्डामुळे पीसीआय बसचे (कार्डं जिथे जोडतात त्या मार्गाचे) नंबर सरकले होते, आणि पोर्टचं नाव त्या नंबरावरून पडतं. बोर्डावरचा ‘ईएनपी२एस०’ आता ‘ईएनपी३एस०’ झालेला, आणि ब्रिज (व्हीएमना पोर्टशी जोडणारा सॉफ्टवेअरमधला स्विच) बिचारा जुन्याच नावाची वाट बघत बसलेला. फाइलीत नाव बदललं की संपलं, पण हे रविवारी करा. मी सोमवारी सकाळी केलं. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या लोकांच्या रांगेसमोर दाजींनी माझ्याकडे जे बघितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ड्रायव्हर मात्र शोधावा लागला नाही. प्रॉक्समॉक्स लिनक्सवर चालतं, आणि ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे, चारही पोर्ट लगेच दिसले. कुठला पोर्ट कुठला हे ओळखायला ‘इथटूल’ या कमांडला ‘-पी’ लावलं की त्या पोर्टचा दिवा लुकलुकतो. मी टेबलावरून कमांड देत होतो आणि लॅबमधली मुलगी टॉवरमागे वाकून ओरडत होती, “दादा, खालून दुसरा!” पोर्टवर चिकटपट्टीने नंबर टाकून घेतले.

आता वेग. इथे मी स्वतःलाच फसवलं. दोन व्हीएममध्ये आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारं टूल) चालवलं आणि आकडा आला अठरा गिगाबिट. गिगाबिटच्या कार्डावर! दाजींना फोन करणार तेवढ्यात ट्यूब पेटली. दोन्ही व्हीएम एकाच ब्रिजवर. पॅकेट आतल्या आत फिरतात, कार्डाला शिवतसुद्धा नाहीत. मी प्रोसेसर आणि मेमरी तपासत होतो. कार्ड तपासायचं तर दुसरं टोक मशीनबाहेर हवं.

मग लॅपटॉप आणला, एकेका पोर्टला जोडला. पहिला ९४१ मेगाबिट, दुसरा ९४१, चौथाही तेवढाच. गिगाबिटवर साधारण इतकाच मिळतो, बाकीचा हेडरमध्ये, म्हणजे पॅकेटवरच्या पत्त्याबित्त्यात, जातो. तिसरा: ९४. दिवा लागलेला, पिंग (‘आहेस का?’ विचारणारं छोटं पॅकेट) एकही चुकत नाही, पण इथटूल वेग १०० दाखवतो. कार्ड परत पाठवायचा मेसेज टाइपसुद्धा केला होता. पाठवण्याआधी तिसऱ्याची केबल पहिल्याला लावून बघितली, तर दुखणं केबलबरोबर गेलं. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात. केबलला जॅक मीच क्रिंप केलेला (दाबून बसवलेला), आणि जॅकमध्ये तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती. मेसेज पुसला.

शेवटी दोन पोर्टचा ॲक्टिव्ह-बॅकअप बाँड केला (एक चालू, तो गेला की दुसरा), पिंग चालू ठेवून एक केबल उपटली. एक पिंग गळला, पुढे सुरळीत. मोठ्या फ्रेमही करून बघितल्या: एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, नेहमीचा १५०० बाइट) ९००० ठेवून ८९७२ बाइटचा, तुकडे न करता पिंग गेला नाही, १४७२ चा गेला. अडथळा आमचा स्विच होता. मी १५०० वरच थांबलो. आमच्या पीडीएफ रिपोर्टांना तेवढं रग्गड.

तक्रार एकच. कार्डाला मागचा पत्रा बुटका आला, टॉवरला लांब लागतो. फोटोत लांब होता. दुकानदार म्हणाला, “साहेब, फोटो रेफरन्सपुरता.” सध्या कार्ड स्लॉटच्या भरवशावर उभं आहे, केबल ओढली की डुलतं. आणि अडीच गिगाबिट हवं असेल तर हे घेऊच नका, हे एकवरच संपतं.

पाचपैकी चार. एक कापला तो पत्र्याचा.