झेड४ची काच, २१,९३९ रुपये आणि माझी गेलेली अक्कल

लिहू की नको करत महिना घालवला. घरच्यांना पूर्ण आकडा आजही माहीत नाही, बायकोला सात हजार सांगितलेत. पण गाडीच्या काचेसाठी ज्या जाहिरातीने मला फसवलं तीच काल परत दिसली आणि डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. हसायचं तर हसा, पण पैसे टाकण्याआधी वाचा.

माझ्याकडे बीएमडब्ल्यू झेड४ आहे, २०१२ची, मी तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. दोन सीटची, पत्र्याचं टप फोल्ड होऊन मागे डिकीत जातं ती. आता लगेच कुणीतरी म्हणणार की एवढी गाडी घेता येते आणि काचेला पैसे नाहीत. अरे बाबांनो, जुनी झेड४ आणि नवी एसयूव्ही यांच्या किमती एकदा लावून बघा, मी काही अंबानी नाही, भोसरीत खोक्यांचं छोटं युनिट आहे माझं, कोरुगेटेड बॉक्स बनवतो. हे खोक्यांचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जूनचा तिसरा आठवडा. सोसायटीत गवत कापायचं मशीन चालू होतं, त्यातून एक खडा उडाला आणि कंडक्टर साइडची काच गेली. टफन काच असते, तडा वगैरे जात नाही, एकदम भुगा. सीटवर, दाराच्या आत, एसीच्या जाळीत, सगळीकडे साखरेसारखे खडे. माळी बिचारा थरथरत उभा, त्याला काय बोलणार. आणि वर पुण्याचा पाऊस. दाराला फ्रेम नाही, त्यामुळे प्लॅस्टिक लावायचं तर चिकटवायचं कशाला हाच प्रश्न, शेवटी अर्ध्या टपावरून टेप मारली आणि गाडीचं लग्नघराच्या मांडवासारखं काहीतरी करून ठेवलं.

सर्व्हिस सेंटरला विचारलं, काच बाहेरून मागवावी लागेल, चार ते पाच आठवडे, फिटिंग धरून ४६,२०० रुपये. नाना पेठेत दोन काचवाल्यांकडे गेलो. पहिल्याने गाडीचा फोटो बघूनच चहा सांगितला, म्हणजे समजायचं ते समजलो. दुसऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की ही वाकातली काच आहे, टफन झाल्यावर कापता येत नाही, आणि फ्रेमलेस दार असल्याने दोन एमएम इकडेतिकडे झाली तरी टपाच्या रबरावर आपटणार. साध्या गाडीची काच चॅनलमध्ये सरकते, हिची दार उघडताना जराशी खाली येते आणि बंद केल्यावर वर जाऊन रबरात बसते. म्हणजे जुगाड नाही, त्याच गाडीची काच पाहिजे.

इन्शुरन्सचा क्लेम का नाही केला, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारलाय, पोलिसांनीसुद्धा. तर माझा हिशोब असा होता: गाडी बारा-तेरा वर्षांची, झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही, म्हणजे घसारा ५० टक्के कापणार, वर ३५ टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, शून्यावर येणार, मग क्लेम करून हातात काय? हा हिशोब चूक आहे. नीट वाचा. ५० टक्के कापतात ते रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी, आणि गाडी दहा वर्षांच्या वर असेल तर पत्रा-लोखंड. काचेवर घसारा शून्य असतो! साध्या पॉलिसीतसुद्धा. १५०० सीसीच्या वरची गाडी म्हणून कंपल्सरी डिडक्टिबलचे, म्हणजे क्लेममधले आपल्या खिशातून जाणारे, २,००० गेले असते, बाकी ४४,२०० कंपनीने दिले असते, एनसीबीचं नुकसान फार तर चौदा हजार. हे मला कधी कळलं? सगळं झाल्यावर. फोन केला तर म्हणे इन्टिमेशनला उशीर का, फुटलेल्या काचेचे फोटो कुठेत, सर्व्हेअरने काय बघायचं. मी तर पहिल्याच दिवशी व्हॅक्यूम मारून गाडी चकाचक केलेली. काच फुटली की आधी फोटो, मग फोन, झाडू शेवटी.

असो. तर मग मी रात्री मोबाइलवर शोधत बसलो आणि एका खरेदी-विक्रीच्या साइटवर सापडला हा माणूस. दिल्लीत मायापुरीला दुकान, 'कटिंगका माल', सगळ्या इंपोर्टेड गाड्यांचे पार्ट. मायापुरी म्हटल्यावर मला खरंच वाटलं, कारण तिथे गाड्या कापून पार्ट विकतात हे गाडीवाल्या प्रत्येकाला माहीतच असतं. व्हॉट्सअपवर फोटो आला. काच बरोबर आमच्याच दाराची वाटत होती. फक्त मागे जमिनीवर बर्फ होतं. मायापुरीत, जूनमध्ये, बर्फ. मी विचारलं पण! तर म्हणतो, "इंपोर्टेड है ना सर, वहींका फोटो है." आणि मी म्हटलं, हां, बरोबर आहे.

१४,५०० ठरले. निम्मे आधी. २१ तारखेला ७,२५० टाकले. क्यूआर स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव न येता एका बाईचं नाव आलं, तर म्हणे वहिनीचं खातं आहे, करंट अकाउंटला लिमिट लागलंय. २२ला लाकडी पेटीचे १,८००. काच आहे, पेटी लागणारच, मी स्वतः पॅकिंगच्या धंद्यातला, मला तर तो माणूस उलट जास्तच जबाबदार वाटला. २४ला "माल गाडीपे चढ गया, बाकी डाल दो, बिल्टी भेजता हूं" (बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती), टाकले ७,२५०. पेटीचा फोटो आला, त्यात पेटी आडवी ठेवलेली. काच कधी आडवी पाठवत नाहीत, उभी पाठवतात, आडवी ठेवली की पहिल्या खड्ड्यात तुकडे. मी आमच्या पोरांना यावरून शिव्या घातल्यात. त्या फोटोला मी अंगठा दाखवून 'ओके' लिहिलंय. चॅट अजून आहे.

आणि आता ते, ज्यासाठी मला रात्री झोप लागत नाही.

२५ तारखेला फोन. "सर, ई-वे बिलका डिपॉझिट लगेगा, ४,९९९, रिफंडेबल, डिलिव्हरी होतेही वापस."

मी रोज ई-वे बिल काढतो, म्हणजे माल गाडीतून पाठवताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. रोज. माझ्या लॅपटॉपवर ते पोर्टल सकाळी उघडतं ते संध्याकाळी बंद होतं. दुसऱ्या राज्यातून माल येत असेल तर ५०,०००च्या वर ई-वे बिल लागतं, १४,५००च्या काचेला ते लागतच नाही. आणि लागलं तरी त्याला पैसे पडत नाहीत, पोर्टलवर फुकट निघतं. डिपॉझिट नावाची भानगडच नाही. हे मला पाठ आहे, झोपेत विचारा. त्या वेळी समोरच्या स्क्रीनवर ई-वे बिलच उघडं होतं, चाकणच्या एका पार्टीचं, मी एका हाताने ते भरत होतो आणि दुसऱ्या हाताने ह्याला ४,९९९ पाठवत होतो. का? कारण बाहेर धो धो पाऊस, गाडीत पाणी, १६,३०० आधीच गेलेले आणि आता थांबलो तर तेही जातील असं वाटलं. बस एवढंच. अडकलेला पैसा सोडवायला माणूस आणखी पैसा घालतो, जुगारात करतात तेच. मला जुगारी लोकांची कीव यायची आधी.

त्याने पाठवलेलं बिलही मी नंतर नीट बघितलं. पत्ता दिल्लीचा, जीएसटी नंबर ०९ने सुरू. ०९ म्हणजे उत्तर प्रदेश, दिल्लीचा ०७ असतो, आपला २७. दोन आकडे वाचायचे होते फक्त. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की धंद्याचं नाव फुकट दिसतं, मी नव्या गिऱ्हाइकाचं तपासल्याशिवाय शंभर खोकी उधार देत नाही. टाकला, तर कपड्यांचं दुकान निघालं. त्या बिचाऱ्या कपडेवाल्याला पत्ताही नसेल.

१ जुलैला पेटी आली. हो, आली! हीच तर त्याची हुशारी. पेटी टू-पे होती, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला वर ६४० रुपये भाडं मीच भरलं. उघडली तर आत कुठल्यातरी हॅचबॅकच्या मागच्या दाराची काच, वर काळी फिल्म, कडेला टवका उडालेला. व्हिडिओ काढला नाही उघडताना. काढा. कितीही घाई असली तरी पेटीचं लेबल दाखवून, सील दाखवून, न थांबवता काढा.

७,२५० अधिक १,८०० अधिक ७,२५० अधिक ४,९९९ अधिक ६४०. एकवीस हजार नऊशे एकोणचाळीस.

मग सुरू झाली दुसरी फसवणूक, ती सरकारी.

चौकीत गेलो. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, गाडी केवढ्याची? सांगितली. मग ते आणि हवालदार एकमेकांकडे बघून हसले. मग म्हणाले, पार्सल आलं ना? माल मिळाला ना? मग फसवणूक कशी, हा तर व्यवहारातला वाद झाला, ग्राहक मंचात जा. म्हटलं साहेब, मी काच मागवली झेड४ची, आली भलत्याच गाडीची. तर म्हणे, काचच आली ना! खरंच असं म्हणाले, मी काही भर घालत नाहीये. मग म्हणे दिल्लीचा माणूस आहे, तिकडे तक्रार करा. आता नव्या कायद्यात झीरो एफआयआर आहे, दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि जुनी ४२० आता ३१८ झालीय, हे मी घरून वाचून गेलो होतो. ते बोललो ही चूक झाली. "एवढं माहीत होतं तर पैसे कशाला टाकले?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सायबरवाल्यांकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, रक्कम छोटी आहे, आधी चौकीतून अर्ज आणा. चौकी म्हणाली, ऑनलाइन पेमेंट आहे ना, सायबरचं काम. तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी युनिट अर्धा दिवस बंद, तो हिशोब वरच्या आकड्यात धरलेला नाही. शेवटच्या फेरीला पावसात भिजत तासभर बाकावर बसलो, शेजारी एक आजोबा होते, त्यांचे चार लाख गेलेले, आणि त्यांनाही हेच चालू होतं, तेव्हा मला माझ्या काचेची लाज वाटली.

बँक? बँकेने एका वाक्यात संपवलं, "पिन तुम्हीच टाकला सर." बरोबर आहे, मीच टाकला, चार वेळा. पण समोरच्या खात्याचं केवायसी कुणी केलं, मी का? ते खातं कुणाच्या नावावर, कुठल्या शाखेत, सांगणार नाही, प्रायव्हसी. चोराची प्रायव्हसी. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, मी तिथे टाकलीय.

१९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा तर त्याच तासाला करा. पैसा दुसऱ्या खात्यात पळायच्या आत कळलं तर बँक तिथल्या तिथे अडकवू शकते. मी २५ला कळत असूनही १ जुलैपर्यंत पेटीची वाट बघत बसलो, सहा दिवसांत पैसा कुठच्या कुठे गेला असणार.

ग्राहक आयोगाचं म्हणाल तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि आपण राहतो तिथेच केस टाकता येते, हे चांगलं आहे. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे मायापुरीतला जो नंबर आहे त्या नंबराचं दुकानच नाही, ओळखीच्या ड्रायव्हरला पाठवून बघितलं.

काच शेवटी कुर्ल्याच्या एका पार्टवाल्याकडून मिळाली. त्याने पहिल्याच फोनला किंमत सांगितली नाही, चॅसिस नंबरचे शेवटचे सात आकडे मागितले. मागितल्यावर माझ्या अंगावर काटा आला, कारण त्या मायापुरीवाल्याने गाडीचं वर्षसुद्धा विचारलं नव्हतं! खरा माणूस आधी चॅसिस नंबर विचारतो. काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याचा जवळून फोटो मागा, कंपनीचं नाव, नंबर, सगळं वाचता यायला हवं, आणि फोटोत आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवायला सांगा, चिठ्ठी ठेवायला का-कू केली की फोन ठेवा. मी स्वतः कुर्ल्याला जाऊन, हातात घेऊन, शिक्का जुन्या भुग्यात सापडलेल्या तुकड्याशी ताडून १९,००० रोख दिले. फिटिंगला २,५००. बसवल्यावर दोन दिवस काच रबराला घासत होती, मेकॅनिकने परत सेट केली, विंडोचं बटण दाबून धरून इनिशियलाइझ केली, मग दार उघडताना खाली-वर करायला लागली.

ती हॅचबॅकची काच युनिटमध्ये भिंतीला टेकवून ठेवलीय. उभी.

काल ती जाहिरात दिसली, बर्फवाला तोच फोटो, नंबर नवा. बायकोच्या मोबाइलवरून मेसेज टाकला, झेड४की काच चाहिये. दोन मिनिटांत उत्तर: "कंडक्टर साइड ना मॅडम? एकही पीस बचा है." विचारलं, ई-वे बिल का भी लगेगा क्या?

"हां जी, वो रिफंडेबल है."

स्क्रीनशॉट घेऊन आज सकाळी चौकीत गेलो होतो. साहेब रजेवर आहेत, सोमवारी या म्हणाले.