मुंबई दर्शन: आपल्या गाडीवर बदली ड्रायव्हर की पॅकेजची टॅक्सी?

वाशीच्या वहिनींकडे गावाहून सासू-सासरे येताहेत. गेटवे, हँगिंग गार्डन, राणीची बाग एका दिवसात दाखवायचंय. घरची गाडी आहे, पण कुलाब्यात चालवायची दादांची तयारी नाही.

खर्च: बदली ड्रायव्हर स्वस्त पडतो. दिवसाची मजुरी, चहा-जेवण आणि आपलं पेट्रोल. ऑक्टोबर 2024 पासून वाशी नाक्यावर कारला टोलही नाही. पॅकेजची टॅक्सी बहुधा 8 तास, 80 किलोमीटरची. गेटवेला जाऊन-येऊनच साठेक किलोमीटर होतात, आणि बरेच जण मीटर त्यांच्या गॅरेजपासून मोजतात. हे आधी विचारा, नंतर हुज्जत नको.

घारापुरी घेतलीत तर हिशोबच बदलतो. लाँचचा येण्याजाण्याचा वेळ, वर लेण्यांच्या पायऱ्या. तोवर टॅक्सीचे तास धावतच असतात. (सोमवारी लेणी बंद, बुधवारी राणीची बाग.)

पार्किंगचा त्रास दोन्हीकडे ड्रायव्हरच्याच डोक्याला. मात्र ओरखडा आला तर बदलीवाल्याच्या वेळी भुर्दंड आपला. लायसन्स बघूनच किल्ली द्या.

घरचे चौघे आणि निवांत फिरणं असेल तर बदली ड्रायव्हर. सहा-सात माणसं असतील किंवा गाडी नवी कोरी असेल तर मोठी टॅक्सी. घारापुरीच करायची तर दोन्ही सोडा, लोकलने सीएसएमटी गाठा.