उजवी बाजू तिची, डावी माझी

पुण्यात नारायण पेठेतल्या एका पार्लरबद्दल लिहितेय. आधी माझ्या केसांची ओळख करून देते, म्हणजे पुढचं नीट कळेल. शाळेत माझ्या वेणीला 'उंदराचं शेपूट' म्हणायचे. लग्नात लावलेलं गंगावन सप्तपदी संपायच्या आत निम्मं सुटलं होतं, व्हिडिओत स्पष्ट दिसतं. आता वय ४६. रोज कोथरूडहून लक्ष्मी रस्त्यावर बँकेत जायचं, ॲक्टिव्हावर. डोक्याला स्कार्फ, त्यावर हेल्मेट. दहाला काउंटरवर बसते तेव्हा केस कोणी ओल्या ब्रशने रंगवून काढल्यासारखे टाळूला चिकटलेले.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या, गारेगार सलूनमध्ये गेले होते. नाव सांगत नाही, भांडायचं नाहीये. कॉफी छान होती. तिथल्या मुलाने "मॅम, हेअर खूपच थिन आहेत" हे तीनदा ऐकवलं, लेयर्स कापले आणि वर स्मूदनिंग गळ्यात मारलं. साडेसहा हजार गेले. केस सरळ झाले. ते आधीही सरळच होते! आणि लेयर्समुळे खाली टोकाला जेमतेम सहा-सात बटा उरल्या, झिजलेल्या कुंच्यासारख्या. त्या कापून जाईपर्यंत वर्ष गेलं, कारण केस महिन्याला वाढून वाढून सेंटिमीटरभर वाढतात.

तर आता नारायण पेठेतलं हे पार्लर. नाव लिहिता येत नाही, कारण नावच नाही. पाटीवर 'लेडीज पार्लर, फक्त बायकांसाठी' एवढंच आहे, आणि खाली बारीक अक्षरात 'केस विंचरून येऊ नये'. पहिला मजला, अंधारा जिना, दोन खुर्च्या, एक मदतनीस मुलगी. ती मला 'काकू' म्हणते. त्याबद्दल पार्लरच्या रेटिंगमधला एक तारा तिथेच कापला. मालकीणबाई माझ्याच वयाच्या असतील, त्या मला 'ताई' म्हणतात आणि मी त्यांना.

'विंचरून येऊ नये' का, ते खुर्चीत बसल्यावर कळलं. ताईंनी पाण्याचा फवारा लांब ठेवला आणि कोरडे केस आहेत तसे दोन-चार मिनिटं नुसते हाताने चाळले. भांग कुठे आपोआप पडतो, टाळू किती दिसते, केस कुठे बसलेत, सगळं बघून घेतलं. मग फणीत आलेला माझा एक केस काळ्या ॲप्रनवर ठेवला आणि शेजारी शिवणाचा पांढरा दोरा. दोरा ढळढळीत दिसत होता. केस दिसेना, म्हणून ॲप्रनवरून उचलून पांढऱ्या टॉवेलवर ठेवला, तरी मला चष्मा लावावा लागला.

"हा बारीक आहे," ताई म्हणाल्या. मग सगळे केस मुठीत धरून रबर लावलं, भांगाशी बोटं दाबून बघितली. "पण विरळ नाहीत. बारीक वेगळं, विरळ वेगळं. तुमच्या डोक्यावर केस भरपूर आहेत, एकेक केस नाजूक आहे इतकंच."

४६ वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आईने मेथ्या वाटून लावल्या, आत्याने जास्वंदीचं तेल पाठवलं, त्या सलूनने साडेसहा हजार घेतले. सगळे न गेलेले केस परत आणायच्या मागे.

भांग रुंद होत चालला असेल, किंवा न्हाणीघरात झुपकेच्या झुपके दिसत असतील, तर ताई केसाला हात लावत नाहीत. माझ्या आधी एक मुलगी आली होती. डेंग्यू होऊन तीन महिने झाले होते आणि केस ओंजळीने गळत होते. तिला ताईंनी सांगितलं की मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं, बहुतेक वेळा आपोआप थांबतं, पण आधी त्वचेच्या डॉक्टरला दाखव, रक्त तपासून घे. एक पैसा न घेता परत पाठवली. गिऱ्हाईक असं परत पाठवणारं पार्लर मी पहिल्यांदाच पाहिलं.

कापले कसे? एका पातळीत, खांद्याच्या किंचित वर. लेयर नाही, दात्यांची कात्री नाही, रेझर नाही. टोकाशी केस दाट दिसले की वरपर्यंत दाट वाटतात, हा त्यांचा हिशेब आणि तो आरशात पटतो. चाळीस मिनिटं लागली. कापताना एकदाही मोबाइल उचलला नाही. मला मात्र मान खाली घालून बसायला लावलं, मानेला कळ आली.

खरी गंमत पुढे. केस धुऊन झाले, टॉवेलने टिपून झाले, आणि ताईंनी उजवी बाजू स्वतः वाळवून दिली. मग ड्रायर माझ्या हातात. "डावी तुम्ही करा."

मी म्हटलं, अहो, मी पैसे देणार आहे.

"म्हणूनच करा. रोज सकाळी मी येणार आहे का कोथरूडला?"

केलं. माझी पद्धत म्हणजे वरून खाली, जोरात, टोकांवर गरम वारा. तीन मिनिटांत डावी बाजू आडवी झाली. उजवीकडे बाई, डावीकडे तीच बाई पावसात भिजलेली. मदतनीस मुलगी हसू दाबत टॉवेल घड्या घालत बसली. ताईंनी डावी बाजू परत ओली केली आणि माझ्या मनगटाला धरून शिकवलं. आधी फक्त मुळं वाळवायची, टोकांकडे बघायचंही नाही. केस ज्या बाजूला पडतात त्याच्या उलट बाजूला बोटांनी ओढून खालून वारा द्यायचा. मुळं कोरडी झाली की मग लांबी. आणि शेवटी थंड वाऱ्याचं बटण दाबून केस गार होईपर्यंत तसाच धरायचा. माझ्या ड्रायरला ते बटण सहा वर्षं आहे. मला वाटायचं ते बिघडलंय.

ओला केस मऊ पडतो आणि ज्या आकारात वाळतो त्या आकारात बसतो, म्हणून हे सगळं. आणि हेच गणित हेल्मेटमध्ये उलटं फिरतं. स्कार्फच्या आत घाम येतो, केस ओलसर होतात, हेल्मेटखाली दाबले जाऊन तसेच वाळतात. कर्वे रस्त्याचे चार सिग्नल त्याला पुरतात. हेल्मेट काढायचं नाही, हे त्यांनी आधीच बजावलं. उपाय सांगितला तो असा: केस पूर्ण कोरडे झाल्याशिवाय निघायचं नाही, स्कार्फ सुती हवा, आणि घरून निघताना भांग मुद्दाम चुकीच्या बाजूला पाडायचा. बँकेत पोचल्यावर तो नेहमीच्या जागी आणला की मुळं उभी राहतात. फुकटचा उपाय आणि चालतो. फारच बसले असतील तर तुळशीबागेत मिळणारे वेल्क्रोचे मोठे रोलर, दोन, टाळूवर पाच मिनिटं. परवा मी वॉशरूममध्ये ते लावून उभी असताना शाखाधिकारी बाई आत आल्या. दोघीही काही बोललो नाही.

तेलाचं ऐका. टाळूला तेल सुटायचं थांबत नाही आणि बारीक केसावर ते लवकर पसरतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी चपटे. एक दिवसाआड धुतलं तरी हरकत नाही, असं ताई म्हणतात. शनिवारी डोकं थबथबून रात्रभर ठेवायची माझी सवय मोडली. आता अर्धा चमचा खोबरेल, धुण्याआधी तासभर, तेही कानाखालच्या लांबीला. खोबरेल केसाच्या आत शिरतं, त्यामुळे धुताना केस पाणी पिऊन कमी फुगतो. कंडिशनर हरभऱ्याच्या दाण्याएवढं, टाळूपासून लांब.

शिकेकाईवर मात्र आमचं जमत नाही. पूड बारीक केसात अडकून बसते, गुंता होतो, असं त्यांचं म्हणणं. खरंही असेल. पण नरकचतुर्दशीला शांपू लावून न्हायचं म्हणजे उटण्याऐवजी साबण. मी पूड उकळून, फडक्यातून गाळून घेते आणि त्यांना सांगत नाही.

आता तक्रारी. वेळ ठरवून मिळत नाही, जायचं आणि बसायचं. शनिवारी दीड तास बसले. गाडी लावायला जागा नाही म्हटलं तरी चालेल. मदतनीस मुलगी डोक्यावर फार गरम पाणी ओतते, सांगावं लागतं. शेवटी हेअरस्प्रेचा मारा जरा जास्त होतो, मला मानेवर खाज आली. ताईंचं बोलणं फटकळ आहे, ज्यांना लाडीगोडी लागते त्यांनी जाऊ नये. दुपारी एक ते चार मात्र पार्लर हमखास उघडं असतं, नारायण पेठ असूनही, कारण बायकांना तेव्हाच सवड मिळते असं त्या म्हणतात. कापण्याचे साडेतीनशे, धुऊन-वाळवून आणखी दोनशे. विकायला एकही बाटली ठेवलेली नाही.

गेल्या महिन्यात भाचीचं लग्न होतं. अंबाडा आणि गजरा हवा होता, आणि बारीक केसात मोगऱ्याचा गजरा म्हणजे घसरगुंडीवर बसवलेलं पोर. ताईंनी आदल्या दिवशी धुतलेले केस मागितले, ताजे धुतलेले नकोत, ते निसटतात. मुळाशी उलटी फणी मारून थोडा फुगवटा केला, आत माझंच जुनं गंगावन गुंडाळून घातलं. चापाची नागमोडी बाजू टाळूकडे ठेवायची, हेही तेव्हाच कळलं. इतकी वर्षं मी ती वर ठेवत होते. दोन-दोन चाप एकमेकांवर फुलीसारखे लावले, मग गजरा, मग आकडे.

"आठ आकडे लावलेत," म्हणाल्या. "रात्री मोजून काढा, नाहीतर उशीत जातील."

सकाळी नऊच्या मुहूर्तापासून रात्री अकरापर्यंत अंबाडा हलला नाही. घरी येऊन आरशासमोर बसून काढले. सात निघाले. आठवा अजून सापडलेला नाही.