ओपन रॅक व्ही-३ : रांगच्या रांग भरणाऱ्यांनी घ्यावा, दोन रॅकवाल्यांनी थांबावं

१९ इंची रॅक हा टेलिफोन एक्स्चेंजच्या काळातला सांगाडा. रिले बसवायला ठरवलेल्या मापात आजही सर्व्हर कोंबले जातात. फेसबुकने ओरेगनमधलं प्राइनव्हिल डेटा सेंटर उभारताना सर्व्हर, वीज आणि हवा यांचा एकत्र विचार केला आणि २०११ मध्ये ओपन कंप्यूट प्रोजेक्ट सुरू करून ती डिझाइन सगळ्यांना खुली केली. ओपन रॅक त्यातलाच. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीबद्दल, म्हणजे व्ही-३ बद्दल, हे परीक्षण आहे.

बाहेरून रुंदी ६०० मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या रॅकइतकीच जागा अडते. आत मात्र ४५० ऐवजी सुमारे ५३८ मिलिमीटर मोकळे मिळतात. रॅकमधली उंची ‘यू’ या एककात मोजतात. एका यूची उंचीही ४४.४५ वरून ४८ मिलिमीटर होते, म्हणून तिला ‘ओपन यू’ म्हणतात. याचा खरा फायदा पंख्यांना. एक यूच्या सर्व्हरमध्ये ४० मिलिमीटरचे पंखे जीव तोडून फिरतात. दोन ओपन यूच्या खोक्यात ८० मिलिमीटरचे बसतात आणि तेवढीच हवा संथ फिरून देतात. पंख्याची वीज वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. त्यामुळे वेग निम्म्यावर आला, तर त्याच पंख्याला आठवा हिस्सा वीज पुरते. हजारो सर्व्हरच्या हॉलमध्ये ही बचत बिलात दिसते.

या रॅकचा जीव मात्र मागच्या उभ्या बसबारमध्ये, म्हणजे सगळ्या सर्व्हरना वीज पुरवणाऱ्या तांब्याच्या पट्टीत आहे. प्रत्येक सर्व्हरला दोन-दोन पॉवर सप्लाय आणि त्यांच्या वायरींचं जंजाळ इथे नाही. एक ओपन यू उंचीच्या पॉवर शेल्फमध्ये ३ किलोवॅटचे सहा रेक्टिफायर असतात, ते एसी विजेची डीसी करून बसबारला देतात. पाचांवर १५ किलोवॅटचा भार चालतो, सहावा राखीव. आधीच्या आवृत्त्यांमध्ये बसबार बहुधा १२ व्होल्टचा असायचा, आता ४८ चा आहे. १२ किलोवॅटला १२ व्होल्टवर १,००० अँपिअर लागतात, ४८ वर फक्त २५०. तांबं तेवढंच ठेवलं, तर उष्णतेतला तोटा सोळाव्या हिश्श्यावर येतो. रेक्टिफायरची कमाल कार्यक्षमता ९७.५ टक्के आहे. मात्र जुन्या १२ व्होल्टच्या रॅकमधला सर्व्हर इथे चालत नाही. सेकंडहँड माल घेणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

आपल्याकडच्या ४००/२३० व्होल्ट पुरवठ्यावर शेल्फ नीट चालतो. पूर्ण १५ किलोवॅटला दर फेजला साधारण २२ ते २३ अँपिअर पडतात, तेव्हा ३२ अँपिअरचं पाच पिनी इंडस्ट्रियल सॉकेट पुरतं. पण दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. रेक्टिफायर सिंगल फेजचे असतात, दर फेजवर दोन. एक फेज गेली की चारच उरतात, म्हणजे १२ किलोवॅट. शेल्फ एकच असेल आणि फेज जाऊनही रॅक चालू राहायला हवा असेल, तर भार १२ च्या खालीच ठेवा. दुसरी गोष्ट न्यूट्रलची. तो ढिला झाला तर फेजचे व्होल्टेज वरखाली होतात आणि रेक्टिफायर बंद पडतात किंवा जळतात. न्यूट्रलचा सांधा टॉर्क रेंचने घट्ट केल्याशिवाय सप्लाय चालू करू नका.

सर्व्हर बसवणं सोपं आहे. समोरून आत सरकवायचा. मागचा क्लिप बसबारला दोन्ही बाजूंनी धरतो आणि पुढचं लॅच बसतं. पाना लागत नाही, वायरीही समोरच असतात, त्यामुळे तापलेल्या मागच्या गल्लीत क्वचितच जावं लागतं. चूक होते ती घाईत. सर्व्हर अर्धवट सरकला तर क्लिपचं थोडंच तांबं टेकतं, रोध वाढतो आणि तेवढा सांधा तापतो. पूर्ण भार आल्यावर एकदा थर्मल कॅमेऱ्याने बसबार वरपासून खालपर्यंत बघा. इतरांपेक्षा उजळ दिसणारा सांधा म्हणजे तो सर्व्हर काढून पुन्हा बसवायचा.

बॅटरीही रॅकमध्येच येते. लिथियम बॅटरीचा शेल्फ साधारण चार मिनिटं भार पेलतो. धडधाकट डीजी सेट (डिझेल जनरेटर) काही सेकंदांत भार घेतो, म्हणून एवढा वेळ पुरेसा आहे. पण पहिला स्टार्ट फसला तर हाताने धावपळ करायला वेळ नाही. त्यामुळे डीजीची चाचणी भारासकट घ्यायलाच हवी. नवी मुंबईत महापे, रबाळे, ऐरोलीकडच्या भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये हॉलला यूपीएसची वीज आधीच मिळते. तिथे बॅटरी शेल्फ घेणं म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे.

दोन-तीन रॅकवाल्यांना आमचा सल्ला ‘घेऊ नका’ असाच आहे. बाजारातले बहुतेक सर्व्हर, स्विच आणि फायरवॉल १९ इंचीच आहेत. अडॅप्टर लावून ते बसतात, पण कडेला फटी राहतात. रिकामी जागा झाकणारे बाजारातले एक यूचे ब्लँकिंग पॅनेलही या मापात बसत नाहीत. फट उघडी राहिली की मागची गरम हवा पुढे येते आणि वरच्या सर्व्हरमध्ये शिरणारी हवा २७ अंशांच्या पुढे जाते.

वजनाचाही हिशेब आधी करा. भरलेला रॅक एक टनाच्या पुढे सहज जातो, म्हणजे एकेका चाकावर अडीचशे किलो. रेज्ड फ्लोअरची (खाली पोकळी असलेल्या उचललेल्या फरशीची) टाइल हे बिंदूवरचं वजन झेलेल का, हे इमारतवाल्याकडून लेखी घ्या. गुड्स लिफ्ट, दारांची उंची आणि रॅम्पचा चढही मोजा. ढकलताना खाली पत्रा किंवा जाड प्लायवुड टाका.

एआयच्या भाराला मात्र ४८ व्होल्टही तोकडे पडू लागले आहेत. १२० किलोवॅटच्या रॅकला ४८ व्होल्टवर २,५०० अँपिअर लागतात. एवढं तांबं बसवायचं कुठे? म्हणूनच २०२४ मध्ये मेटा (आधीची फेसबुक) आणि मायक्रोसॉफ्टने ४०० व्होल्ट डीसीचा, शेजारी उभा राहणारा वेगळा पॉवर रॅक मांडला. त्यामुळे नवा हॉल आखत असाल तर रांगेत पॉवर रॅकसाठी ६०० मिलिमीटरची जागा आत्ताच राखून ठेवा.